वाघमारे सिस्टरचं मत

नांदेड नावाची विधानसभेची जी एक सीट होती, तिच्या अगदी पोटात आमची गल्ली होती. ती सीट आता राहिली नाही. शहर वाढलं, मतदारसंघ नव्यानं आखले गेले आणि तिचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले. माहेरची माणसं कोणत्या तुकड्यात पडलीत हे मला आजही लातूरहून फोन करून विचारावं लागतं, आणि दर वेळी ऐकून मी विसरते. पण मी वाढले तेव्हा सगळं शहर मिळून एकच आमदार निवडायचं आणि लोक तिला नुसतं 'आपली सीट' म्हणायचे, जसं आपली नदी म्हणावं तसं. माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, तिच्या सगळ्या निवडणुका तोंडपाठ होत्या. कोणत्या साली कोण उभं होतं हे ते सालावरून सांगायचे नाहीत. वकीलसाहेब सायकलवर मतं मागायला आले आणि आपल्या ओट्यावर ताक पिऊन गेले ती निवडणूक. डॉक्टर पडले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दवाखाना उघडून बसले ती निवडणूक. नाल्यापलीकडच्या वस्तीनं एकगठ्ठा मत फिरवलं आणि मोठमोठ्यांची तोंडं उतरली ती निवडणूक. जेवताना ते हे सांगत राहायचे आणि आई म्हणायची, भाकरी गार होऊन राहिली, आमदाराला जरा बाजूला ठेवा.

जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या मागं आमचं दुकान होतं, बैलांच्या साजाचं. पुढं दुकान, मागं घर. कासरे, वेसणी, म्होरक्या, रंगीत गोंडे आणि पितळी घुंगरांच्या माळा छताला टांगलेल्या असायच्या. गिऱ्हाईक आलं की अप्पा काठीनं एक-एक माळ हलवून दाखवायचे आणि तो आवाज मागच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आवाजावरून आईला कळायचं की माळ लहान बैलाची आहे की मोठ्या. निवडणूक लागली की घुंगरांचा आवाज बंद पडायचा आणि रिक्षावरच्या कर्ण्यांचा सुरू व्हायचा. दुकानाच्या फळीवर बिल्ले, झेंडे, मतदारयाद्या येऊन पडायच्या. अप्पा पुढारी नव्हते, त्यांना कधी काही मिळालंही नाही. पण मतदानाच्या दिवशी आपल्या पक्षाच्या उमेदवाराचे पोलिंग एजंट म्हणून आमच्या शाळेतल्या केंद्रावर तेच बसायचे. एजंटाचं काम असं की केंद्रात बसून यादी पुढं धरायची, आलेल्या माणसाचं नाव पुकारलं की त्याच्याकडं बघायचं, आणि भलताच माणूस असेल तर हरकत घ्यायची. अप्पा गल्लीतल्या प्रत्येकाला ओळखायचे. त्यांच्या यादीवर खाडाखोड नसायची, याचा त्यांना फार अभिमान होता.

आता वाघमारे सिस्टरबद्दल सांगायला पाहिजे. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, घर नाल्यापलीकडं बौद्ध वस्तीत. माझा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. त्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आईला अचानक कळा सुरू झाल्या, टांगा मिळेना, तेव्हा अप्पा दुकान तसंच टाकून नाल्यापलीकडं धावले आणि सिस्टरांना घेऊन आले. त्या तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या असतील. बाहेर घुंगरांचा कल्लोळ चालू असताना मागच्या खोलीत मी त्यांच्या हातावर आले. काम झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तर काकू तांब्या हातात धरून घुटमळली. आई खाटेवरूनच म्हणाली, माझ्या तांब्यातलं द्या. तेव्हापासून सिस्टर आमच्या घरात थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. आम्ही लिंगायत, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. घरात या गोष्टीचं कौतुक होतं. पण मांडणीत त्यांचा कप वेगळा होता आणि चहा झाल्यावर तो त्या स्वतः विसळून ठेवायच्या, हेही खरं. लहानपणी मला वाटायचं तो त्यांचा लाडका कप आहे. खरं काय ते कळलं तेव्हा मी स्वतः दोन लेकरांची आई होते.

मी अठरा पुरी करून एकोणिसाव्यात होते तेव्हाची ही निवडणूक. मताला तेव्हा एकवीस वर्षं लागायची. सिस्टरांची बदली दोन वर्षांपूर्वी धर्माबादला झाली होती, घराला कुलूप होतं, पण नाव नांदेडच्याच यादीत राहिलं होतं. त्या वर्षी हवा वेगळी होती. आपली सीट जाते की काय अशी धाकधूक दुकानात येणारा प्रत्येकजण बोलून दाखवायचा. सगळ्यात अस्वस्थ होते महालिंगकाका, अप्पांचे धाकटे भाऊ. ते दुकानात कमी आणि उमेदवाराच्या कचेरीत जास्त असायचे. पंधरा दिवस ते एका जागी बसून जेवले नाहीत. भाकरीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळायची आणि चालत चालत खायची. माझंही चित्त घरात नव्हतं. बारावी होऊन मी घरी बसले होते, लातूरच्या मामांकडून स्थळांची पत्रं येत होती, आणि मला वाटायचं की घराबाहेर काहीतरी मोठं चाललंय आणि मी तेवढी चुलीपुढं आहे.

मतदानाच्या दिवशी आईनं आणि काकूनं पहाटेच परातभर सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून, वर कांदा, मिरची, दाण्याचं कूट. कार्यकर्ते ओट्यावर येऊन वाट्या भरून खायचे आणि पळायचे. अप्पा सकाळीच यादी आणि पेन्सिल घेऊन शाळेत जाऊन बसले होते. दुपारी बाराच्या सुमारास काका मागच्या दारानं आत आले आणि आईला म्हणाले, वहिनी, हिला जरा साडी नेसवा. आईला आधी वाटलं, अप्पांचा डबा घेऊन पाठवायचंय. मग तिनं काकांच्या हातातली मतदाराची चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली की पोरीचं वय नाही. काका म्हणाले, साडी नेसली की वय कोण विचारतंय, आणि सगळेच करून राहिलेत, आपण एकटे सोवळे राहून सीट घालवायची का. आई बराच वेळ नाही म्हणत राहिली. पुढं घरात ही गोष्ट निघाली की सगळे म्हणायचे, पोरीला काकांनी बळंच नेलं. ते खरं नाही. मला कुणी ढकललं नाही. आई बोलत असतानाच मी पेटीतून तिची जांभळी इरकल काढली होती.

शाळेच्या फाटकाशी काकांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी घडी उघडून वाचली. वाघमारे शांताबाई रामजी. वय चोवीस. यादीतल्या वयांना तेव्हा काही धरबंध नसायचा. सिस्टर चाळिशी ओलांडलेल्या, पण छापताना चोवीस पडले होते आणि त्या चुकीमुळंच ती चिठ्ठी माझ्या वाट्याला आली होती. मी म्हणाले, काका, ह्या तर आपल्या सिस्टर.

"हाव," काका म्हणाले. "ती धर्माबादला हाय, येती कशाला एवढ्यासाठी. सडून जाण्यापरीस मत कामी आलेलं बरं."

मी रांगेत उभी राहिले. हे लिहिताना मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते की त्या रांगेत मला काय वाटत होतं, आणि उत्तर एकच येतं: मजा वाटत होती. डोक्यावर पदर, हातात बांगड्या, आणि ज्या खोलीबद्दल अप्पा जन्मभर सांगत आले त्या खोलीत मी जाणार होते. अप्पा तिथं असतील हे मला माहीत होतं, पण ते आपल्याच बाजूचे आहेत, एवढाच विचार मी केला. माझा नंबर आला. टेबलामागच्या कर्मचाऱ्यानं चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं नाव वाचलं. भिंतीच्या कडेला एजंटांचा बाक होता. समोरच्या उमेदवाराचा एजंट डबा खायला गेला होता, तिसरा दुसऱ्या मोहल्ल्यातला, त्याला कोणीच ओळखू येत नव्हतं. नाव ऐकून अप्पांनी मान वर केली. सिस्टर आल्या असं समजून त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं होतं, आणि ते तसंच असताना त्यांना मी दिसले. हसू जायला थोडा वेळ लागला. कर्मचाऱ्यानं विचारलं, काही हरकत? अप्पांनी यादीकडं पाहिलं आणि पेन्सिलीनं त्या नावावर मत पडल्याची रेघ मारली. ते काकांच्या बेतात नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. हरकत घ्यायची तर आपल्या पोरीला सगळ्यांसमोर पोलिसांच्या हवाली करायचं, आणि नाही घ्यायची तर एवढ्या वर्षांची आपली यादी खोटी करायची. त्यांना विचार करायला मिळालेला वेळ एका रेघेएवढा होता.

मी सही केली. डाव्या हाताच्या बोटावर शाई लागली. आडोशाला जाऊन काकांनी सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारला आणि मतपत्रिका पेटीत टाकली. 

पुढचं मी पाहिलेलं नाही, अप्पांनी ते मला फार वर्षांनी सांगितलं. मतदान संपायला तासभर होता तेव्हा सिस्टर आल्या. कुणाशी तरी ड्यूटी बदलून त्या निघाल्या होत्या, गाडी मुदखेडला बराच वेळ अडकून पडली, आणि स्टेशनवरून त्या घरी न जाता सरळ शाळेत आल्या होत्या. कर्मचाऱ्यानं यादी पाहिली आणि सांगितलं, बाई, तुमचं मत पडलंय, घरी जा. त्यांनी दोन्ही हातांची बोटं पुढं धरली. त्याचं म्हणणं, नाव एकदा कटलं की त्याला काही करता येत नाही. त्या भांडल्या नाहीत, पण रांगेतून हलल्याही नाहीत. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. त्या म्हणाल्या, साहेब, सरकारी नोकरीत मीही आहे, नियमाचं पुस्तक तुमच्याकडं असंल, त्यात बघा. शेवटी केंद्राध्यक्षांनी पुस्तक काढलं. आपल्या नावानं दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका देता येते, त्याला प्रदत्त मत म्हणतात. ती पेटीत पडत नाही, पाकिटात बंद करून ठेवतात. सिस्टरांनी विचारलं, हे मोजतात का? केंद्राध्यक्ष म्हणाले की नाही, कोर्टानं मागवलं तरच पाकीट उघडतात. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, द्या. आडोशाला गेल्या, शिक्का मारला, घडी घालून केंद्राध्यक्षांच्या हातात दिली. हे सगळं होईपर्यंत अप्पा बाकावर बसून होते. मी पुढं शिक्षिका झाले, लातूर जिल्ह्यात किती निवडणुकांची कामं केली. चाकूरजवळच्या एका केंद्रावर एका म्हाताऱ्या बाईला प्रदत्त मतपत्रिका द्यायची वेळ माझ्यावर आली. यंत्रं आली तरी ती कागदाचीच असते. मी ती तिला दोन्ही हातांनी दिली. सोबतचा शिपाई म्हणाला, मॅडम, एवढं काय हो त्यात, मोजायचं तर न्हाई.

शाळेतून सिस्टर आमच्या घरी आल्या. गाडीला अजून अवकाश होता, स्वतःचं घर कुलपात होतं आणि नांदेडात त्यांचं दुसरं जवळचं घर नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. मी मत टाकून आले म्हणून घरात कोणी चिंतेत नव्हतं. काकूनं बोटावर लिंबू चोळून पाहिलं होतं, शाई निघाली नाही म्हणून आम्ही हसलोही होतो. मधल्या खोलीतून सिस्टरांचा आवाज आला आणि मी लिंबाची फोड चुलीत टाकली. त्या आईला सगळं सांगत होत्या, रागानं नाही, दमून. आई मध्येच हाव, हाव म्हणत होती आणि तिचा आवाज बारीक होत गेला. मग तिनं मला चहा आणायला सांगितला. काकू कुठं गेली होती कुणास ठाऊक. मी डावा हात पदराखाली घेऊन एका हातानं कप न्यायला बघत होते, पण बशी कलंडायला लागली, तेव्हा दुसरा हात बाहेर काढावाच लागला.

सिस्टरांनी कप घेतला. माझ्या बोटाकडं पाहिलं. अंगावर अजून आईची इरकल होती, तीही पाहिली.

"किती वर्षांची झालीस गं?"

आईच म्हणाली, अठरा.

"अठरा होऊन गेली. येत्या पोळ्याला एकोणीस पुरी व्हतील," सिस्टर म्हणाल्या. "मला म्हाईत हाय."

त्यांनी चहा सावकाश पूर्ण प्यायला. मला वाटत होतं त्यांनी तो टाकून द्यावा, काहीतरी बोलावं, एक थोबाडीत मारावी. त्या उठल्या, न्हाणीत जाऊन कप विसळला, मांडणीत जागेवर ठेवला आणि पिशवी घेतली. तेवढ्यात पेटी सील करून अप्पा आले. दारातच दोघं समोरासमोर झाली. सिस्टर म्हणाल्या, "अप्पा, तुमी तिथंच बसला होता."

"हाव," अप्पा म्हणाले. एवढंच. सिस्टर त्यांच्या बाजूनं निघून गेल्या. अप्पांनी छातीवरचा बिल्ला काढून फळीवर ठेवला, आणि त्यानंतर ते कधीही एजंट म्हणून बसले नाहीत. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निवडणुकांच्या गोष्टी सांगणं बंद केलं, आणि आमच्या घरातली जेवणं भलतीच लवकर उरकायला लागली.

काकांचा उमेदवार निवडून आला, पण अगदी थोडक्यात. गुलालाची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली तेव्हा मी माडीवर दार लावून बसले होते. आठ दिवसांत बातमी आली की पडलेल्या उमेदवाराचे वकील कोर्टात जाणार आहेत, आणि ज्यांची ज्यांची मतं दुसऱ्यानं टाकली त्यांची नावं गोळा करत फिरतायत. प्रदत्त मतांच्या यादीत सिस्टरांचं नाव होतंच. काकांचं धाबं दणाणलं. त्यांनी आईला धर्माबादला जाऊन सिस्टरांची समजूत घालायला सांगितलं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा दिराला सरळ नाही म्हटलं. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाली, तुम्हीच जा. काका गेले नाहीत. त्यांनी मला लातूरला मामाकडं पाठवायचं ठरवलं. पोरगी नजरेआड असलेली बरी, चार दिवस तिकडंच राहू दे.

मामांचं घर गोलाईजवळ, लातूरच्या मधोमधच्या गोल बाजारापाशी. मामी हौशी होती, मी आले म्हणून तिनं हुग्गी केली. गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तुपाची धार. रोज काहीतरी नवं, धपाटे, अंबाडीची भाजी. मला काही गोड लागत नव्हतं. एका जागी बसवत नव्हतं. मी गच्चीवर जायची, खाली यायची, मामी भाजी निवडायला बसली की अर्धी निवडून उठायची. गोलाईतून फुटणाऱ्या रस्त्यांपैकी एका रस्त्यानं जायचं आणि दुसऱ्यानं परतायचं, असं मी दिवसभर काही ना काही आणायच्या निमित्तानं करत राहिले. बोटावरची शाई गेली, पण नखाच्या मुळाशी काळी कड राहिली आणि नखाबरोबर ती पुढं सरकायला लागली. मामीनं ती पाहून सहज विचारलं, अगोबाई, तुझं मत आलं का एवढ्यात. मामा पेपर वाचत होते. ते म्हणाले, खोटं मत टाकलं तर जेल हाय म्हणे. कुणाला उद्देशून नाही, पेपरातलंच काहीतरी. पण त्या दिवसापासून दारावर टकटक झाली की माझ्या हातातलं खाली पडायचं. मी सिस्टरांना चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली, कारण प्रत्येकात कुठंतरी काकांचं नाव यायचं आणि माझं कमी व्हायचं.

महिन्याभरानं मी मामांना म्हणाले, मला घरी जायचंय. त्यांनी सकाळच्या नांदेड गाडीत बसवून दिलं. अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचली आणि मी पिशवी घेऊन उतरले. घर पंधरा मिनिटांवर होतं. मी रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं. एकटीनं रेल्वेत बसायची ती माझी पहिली वेळ. मुदखेडला गाडी थांबून राहिली, समोरच्या बाईनं मला शेंगा दिल्या आणि कुठं जातेस विचारलं, तर मी म्हणाले, दवाखान्यात. तिला वाटलं कुणी आजारी आहे. धर्माबादला उतरले तर हवेतच मिरचीचा खाट होता. बाजारात लाल मिरचीचे ढीग पडलेले, लोक तेलुगूत बोलतायत, आणि मी खोकत खोकत सरकारी दवाखाना विचारत चालले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मिरचीनं, असं मी स्वतःला सांगितलं.

सिस्टर कामात होत्या. आत एक बाई अडली होती. मला पाहून त्यांना नवल वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. बाकाकडं बोट केलं आणि आत गेल्या. मी दिवस कलेपर्यंत बसून राहिले. आतून त्या बाईचा ओरडा यायचा आणि मधून सिस्टरांचा आवाज, मराठीत आणि तोडक्या तेलुगूत, एकाच सुरात. शेवटी लेकराचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्या हात पुसत बाहेर आल्या, डबा आणला आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. त्यांनी डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात अर्धी भाकरी ठेवली आणि माझ्यापुढं सरकवली. खाताना मी सगळं सांगितलं. काकांनी चिठ्ठी दिली, पण नाव मी वाचलं होतं. कुणाचं ते मी ओळखलं होतं. साडी मीच काढली. अप्पांना माहीत नव्हतं.

त्या जेवत होत्या. जेवण झाल्यावर मग बोलल्या. त्यांचं गाव मुखेडकडचं. त्या लहान असताना गावात मतदान होतं, त्यांचे वडील धुतलेलं धोतर नेसून सकाळीच चावडीवर गेले आणि लगेच परत आले. कुणीतरी सांगितलं होतं, रामजी, तुमचं मत पडलंय, घरी जा. ते घरी आले, धोतर बदललं आणि कामाला गेले. सिस्टर म्हणाल्या, त्या दिवशी मी ठरवलं की शिकायचं आणि शहरात राहायचं. शिकले, नांदेडला आले, यादीत नाव लावून घेतलं. दर वेळी मत टाकलं. शहरात असं कुणी म्हणत न्हाई, असं वाटायचं.

"आन् त्या दिवशी त्यानं तेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "शब्दाला शब्द तेच."

वकील त्यांच्याकडं येऊन गेले होते. आपल्या बाबतीत काय झालं ते कोर्टात सांगायचं त्यांनी कबूल केलं होतं. मत कुणी टाकलं असं विचारल्यावर, मी बघितलं नाही, असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू सांगितलं ते मी ऐकलं. पन ते तुझ्यापाशी राहू दे. उद्या कुनी विचारलं तर काय सांगायचं, ते तू ठरव. मी ठरवनार न्हाई."

परतीच्या गाडीला त्या मला सोडायला आल्या. फलाटावर आम्ही दोघी उभ्या होतो. मला अजून एक गोष्ट विचारायची होती, खरं तर तीच विचारायला मी आले होते. महिनाभर मी एका आशेवर होते की त्याही त्याच चिन्हाला मत देणार असतील. तसं असलं तर कुणाचं काही गेलं नाही, माझ्या हातानं त्यांचंच मत पडलं. गाडी दिसायला लागली तेव्हा मी विचारलं.

त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. "सारखंच व्हतं म्हटलं तर तुला झोप लागंल, व्हय?"

मी मान हलवली.

"मग न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "ते माझं हाय."

घरी गेल्यावर मी अप्पांना आणि काकांना सांगितलं की कोर्टानं विचारलं तर मी खरं सांगणार. काकांनी आकाशपाताळ एक केलं. अप्पा इतकंच म्हणाले, मीबी तिथंच होतो, मलाबी सांगावं लागंल. त्या दिवशी महिन्याभरानं आम्ही दोघं एका ताटाजवळ बसलो. पण कोर्टानं आम्हाला कधी विचारलं नाही. वर्षभरात पडलेला उमेदवार निवडून आलेल्याच्या पक्षात गेला, दोघांचा एका हारात फोटो आला आणि दावा काढून घेतला गेला. ती पाकिटं मुदत संपल्यावर नष्ट करतात, हे मला निवडणुकीच्या प्रशिक्षणात कळलं. ज्या साहेबांनी ते शिकवलं, त्यांनी एका वाक्यात ते सांगून टाकलं आणि पुढच्या मुद्द्याकडं गेले. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं आणि बाकीचा तास मला काही ऐकू आलं नाही.

सिस्टर लातूरला माझ्या लग्नाला आल्या. पुढं माझी पहिली मुलगीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली, तोवर त्या नांदेडला परत आल्या होत्या. आमचं येणं-जाणं शेवटपर्यंत राहिलं. मी आणखी दोनदा विचारलं, एकदा हसत, एकदा रडत. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला, आणि दोन्ही वेळा मला महिनाभर स्वस्थता नव्हती. मला वाटायचं, म्हातारपणी तरी सांगतील.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. नांदेडला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. त्रिशरण-पंचशील झालं, माणसं बोलली, जेवणं सुरू झाली. त्यांची पुतणी, कॉलेजात शिकवते, माझ्या शेजारी येऊन बसली. सिस्टरांचं आजारपण, त्यांच्या वस्तू, असं इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "मावशी, तुमचं आत्याचं इतकं जवळचं होतं. ती कुणाला मत द्यायची हो? घरात आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो, भांडायचो. तिनं कधीच सांगितलं नाही."

मी म्हणाले, "मी विचारलं होतं."

"मग?"

"मलाही नाही सांगितलं."